शरीराची डागडुजी (भाग ७) : कूर्चा घडते, पण थांबत नाही

मागच्या भागात मोडलेलं हाड कसं जुळतं ते पाहिलं. त्याच हाडाच्या टोकावर, सांध्याच्या आत, दोन ते चार मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर असतो, तो कूर्चेचा. ही काही जुळत नाही. लंडनचे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच रॉयल सोसायटीला बजावलं होतं, की कूर्चा एकदा गेली की परत येत नाही.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, चेतातंतूही नाहीत. पेशी आहेत त्याही मोजक्या, बाकी सगळं पाणी आणि पेशींनी विणलेलं कोलॅजनचं जाळं. जखम झाली तर रक्त येत नाही, रक्त नाही म्हणून गुठळी नाही आणि गुठळी नाही म्हणून भरून येणं नाही. शिवाय कूर्चा स्वतः दुखत नाही. त्यामुळे ‘गादी झिजली’ हे पुष्कळदा फार उशिरा कळतं.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे लार्स पीटरसन आणि मॅट्स ब्रिटबर्ग यांनी १९८७ मध्ये एक धाडस केलं. रुग्णाच्याच गुडघ्यातून चिमूटभर कूर्चा काढायची, तिच्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि खड्ड्यात भरायच्या. पहिल्या २३ रुग्णांचे निष्कर्ष १९९४ मध्ये छापून आले. मांडीच्या हाडाच्या टोकावर दुरुस्ती झालेल्या १६ पैकी १४ जणांना चांगला गुण आला, गुडघ्याच्या वाटीमागे झालेल्या ७ पैकी दोघांनाच. पण त्यासाठी आधीच दुखावलेल्या सांध्यातून आणखी तुकडा काढावा लागतो, आणि बशीत वाढवताना या पेशी चपट्या होऊन आपला मूळ स्वभाव हरवू लागतात.

मग अस्थिमज्जेतल्या मूळपेशी का वापरू नयेत? त्या मिळवायला सोप्या आणि वाढतातही भरपूर. १९९८ मध्ये ब्रायन जॉनस्टन आणि सहकाऱ्यांनी सशाच्या अशा पेशी नळीच्या तळाशी गोळा करून, वाढीचे संकेत देणारं प्रथिन घातलेल्या द्रवात ठेवल्या. त्या गोळ्यात कूर्चा तयार झाली. काम फत्ते झालं, असं तेव्हा अनेकांना वाटलं असणार.

खरी अडचण पुढेच होती. गर्भात हात-पायांची लांब हाडं थेट हाड म्हणून बनत नाहीत. आधी कूर्चेचा साचा तयार होतो आणि मग त्याचं हाड होतं. मज्जेतल्या मूळपेशी नेमकी हीच वाट धरतात. हायडेलबर्गमध्ये विल्ट्रुड रिख्टर यांच्या गटाने २००६ मध्ये अशा पेशींपासून बनवलेली कूर्चा उंदरांच्या कातडीखाली ठेवली. ती चुन्यासारखी कडक होऊ लागली आणि तिच्यात रक्तवाहिन्या शिरल्या. सांध्यातल्या पेशींपासून बनवलेल्या गोळ्यांचं मात्र तसं झालं नाही. म्हणजे कूर्चा बनवणं जमलं आहे, तिला कूर्चाच राहू देणं जमत नाही. या क्षेत्रातला सगळ्यात मोठा अडसर माझ्या मते हाच. गंमत म्हणजे बाझेलच्या इव्हान मार्टिन यांच्या गटाने २०१० मध्ये हाच दोष वापरून हाड तयार करून दाखवलं!

त्याच गटाने गुडघ्यासाठी मूळपेशींऐवजी चक्क नाक निवडलं. नाकाच्या पडद्यातल्या कूर्चापेशी कोलॅजनच्या पापुद्र्यावर वाढवून त्यांनी गुडघ्यात बसवल्या. पहिल्या १० रुग्णांचे दोन वर्षांचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. दुखणं कमी झालं होतं आणि कलमांमुळे गंभीर अपाय झाला नव्हता. माणसं दहाच होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता जाहिरातींबद्दल. ‘मूळपेशींचं इंजेक्शन घ्या, गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया टाळा’ हे आपण आपल्या शहरांतही वाचतो. वर सांगितलेला खटाटोप म्हणजे ऊती घडवून बसवणं, सुईने पेशी सोडणं ही निराळीच गोष्ट. अमेरिकेत पावणेपाचशे रुग्णांवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन प्रकारच्या पेशींची इंजेक्शनं नेहमीच्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा वर्षभरानंतर सरस ठरली नाहीत. तेव्हा कुणी असा उपचार सुचवला, तर तो मंजूर उपचार आहे की चाचणी, हे आधी विचारा. चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक मागा. आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.