मैदानावरची स्वस्त बिअर कोणाला महाग पडते?



भाताची झोडणी उरकली की आपल्या डहाणू-तलासरीत पाड्यापाड्यांवर क्रिकेटचे सामने सुरू होतात. शेते मोकळी झालेली असतात, भोंगा लागतो, लहान पोरे झाडावर चढून मॅच बघतात. आपल्या गटातल्या बायाही तिथे भजी-वडापाव विकून चार पैसे मिळवतात. आम्हाला सामने आवडतात, हे आधीच सांगतो. बोलायचे आहे ते त्यांच्यासोबत येणाऱ्या स्वस्त बिअरबद्दल.

गेल्या हंगामात आम्ही एका सामन्याला खाण्याचा स्टॉल लावला होता. तेल-बेसनासाठी गटातून कर्ज उचलले होते. मैदानाच्या कडेला एक गाडी उभी होती. तिच्या डिकीतून बिअर विकली जात होती, तीन बाटल्यांवर एक फुकट. दुपारपर्यंत सगळे हसतखेळत चालले. संध्याकाळी एका रनआउटवरून वाद झाला, कोणी स्टंप उपटले, पळापळ झाली आणि आमची कढई उलटली. गटातल्या एका ताईच्या पायावर उकळते तेल सांडले. तीन आठवडे तिची मजुरी बुडाली. कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही.

गावात सगळे म्हणाले, "पोरं बिघडली." पण गटाच्या बैठकीत एक बाई म्हणाली, "याच पोरांनी सकाळी आपला मंडप बांधून दिला की!" मग सकाळ आणि संध्याकाळच्या मध्ये काय बदलले, याचा आम्ही विचार केला.

पहिली गोष्ट बाटलीची. "बिअर म्हणजे काय दारू थोडीच," असे आपल्याला सांगतात. हिशेब करून बघू. मोठी बाटली ६५० मिलीची असते. स्ट्राँग बिअरमध्ये मद्यार्क ८ टक्क्यांपर्यंत असतो. म्हणजे एका बाटलीत सुमारे ५२ मिली शुद्ध मद्यार्क. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या चार पेगमध्ये साधारण तेवढाच असतो. एवढा मद्यार्क शरीरातून निघून जायला चार-पाच तास लागतात. दुसरी बाटली तासाभरात उघडली, तर पहिलीची नशा अजून अंगात असतेच. त्यात डोक्यावर ऊन, पोटात अन्न नाही. बिअरने तहान भागते असे वाटते, पण लघवी जास्त होऊन अंगातले पाणी कमीच होते.

दुसरी गोष्ट भावाची. वस्तू स्वस्त केली की माणूस जास्त घेतो. "तीनवर एक" म्हटले की एकाची चार होतात. याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. ४ जून १९७४ रोजी क्लीव्हलँड शहरात बेसबॉलचा सामना होता. गर्दी खेचण्यासाठी ६५ सेंटची बिअर १० सेंटला ठेवली. एका वेळी सहा ग्लास घ्या, संपले की पुन्हा या, अशी सूट. पंचवीस हजारांहून जास्त लोक आले. शेवटच्या डावात घरच्या संघाने ५-५ अशी बरोबरी साधली होती. जिंकायची संधी होती. तेवढ्यात एक प्रेक्षक मैदानात घुसून पाहुण्या खेळाडूची टोपी ओढायला गेला. त्याच्या मदतीला त्याचे साथीदार बॅट घेऊन धावले आणि प्रेक्षकांचा लोंढा मैदानात उतरला. खुर्च्या, बाटल्या फेकल्या गेल्या, पंचालाही लागले. शेवटी पंचाने सामना पाहुण्या संघाला देऊन टाकला. आपल्याच संघाला आपल्याच लोकांनी हरवले. पुढच्या महिन्यात पुन्हा स्वस्त बिअर ठेवली, तेव्हा माणशी दोनच ग्लास असा नियम केला.

स्कॉटलंडमध्ये १९८० साली फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतर अशीच मोठी मारामारी झाली. त्यानंतर तिथे कायदा करून फुटबॉलच्या मैदानावर दारू बंद केली. सामने मात्र चालूच राहिले. म्हणजे दारू काढली तर खेळ मरतो, हे खरे नाही.

आपल्याकडे स्वस्ताईला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे सीमा. दमण आणि दादरा-नगर हवेलीत कर कमी, म्हणून दारू स्वस्त. ती चोरून इकडे आणतात. मैदानाजवळच्या गाडीतली बाटली कुठून आली, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आता कायद्याचे बघू. परवान्याशिवाय दारू विकणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा आहे. सार्वजनिक जागी पिऊन धिंगाणा घालणे हाही याच कायद्याच्या कलम ८५ खाली गुन्हा आहे. बिअर प्यायलाही वय २१ पूर्ण लागते. आपले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने नशेच्या पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियम लावण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. "आडवी बाटली"चे मतदान परवानाधारक दुकानासाठी असते. डिकीतल्या विक्रीसाठी मतदानाची वाट बघायची गरज नाही, ११२ वर फोन करून पोलिसांना बोलवा.

आमच्या गटाने यंदा काय केले? मंडळाची मुले वर्गणी मागायला आली, तेव्हा आम्ही त्यांना बसवून चहा दिला आणि चार अटी सांगितल्या. मैदानाजवळ दारूची गाडी नको. बक्षिसात बाटली नको. पिण्याच्या पाण्याचे पिंप सावलीत ठेवायचे. अंतिम सामना उजेड असतानाच संपवायचा. अटी मान्य असतील तरच वर्गणी आणि स्टॉल. मुलांनी थोडी कुरकुर केली. मग त्यांच्यातलाच एक म्हणाला, "मागच्या वेळी आपली फायनल पूर्णच झाली नाही ना!" आता याच अटी आम्ही ग्रामसभेत ठराव म्हणून मांडणार आहोत, म्हणजे पुढचे मंडळ बदलले तरी नियम राहील.

मैत्रिणींनो, २३ मे १९४५ रोजी आपल्या झरीत हजारो वारली एकत्र जमले आणि यापुढे वेठबिगारी करायची नाही, असे त्यांनी ठरवले. गर्दी काय करू शकते, हे आपल्या गावाला कोणी शिकवायला नको. मैदानावरची गर्दीही आपलीच आहे. तिच्या हातात काय द्यायचे, ते आपण ठरवू.

तुमच्या पाड्यावरच्या पुढच्या सामन्याची तारीख विचारा आणि त्याआधीच्या बैठकीत हा विषय घ्या.