‘आमचं काय चुकलं?’

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास कोल्हापूरहून सौंदत्तीच्या डोंगराकडे एस.टी.च्या गाड्या भरभरून निघतात. यल्लम्माच्या या भक्तांत डोक्यावर देवीचा जग घेतलेले, साडी नेसलेले, कपाळी भंडारा लावलेले जोगतेही असतात. कोल्हापूर-गडहिंग्लज भागातल्या शिक्षकांना त्यांचे नवल वाटत नाही. राजन गवस यांची ‘भंडारभोग’ ही कादंबरी वाचलेल्यांना किंवा २००९ सालचा ‘जोगवा’ हा चित्रपट पाहिलेल्यांना या आयुष्याची थोडीफार कल्पना असेल.

प्रत्येक जोगता आपल्या स्वभावामुळे जोगता होतो असे नाही. कुणाच्या केसांत जट आली, कुणाच्या घरातले आजारपण हटेना, म्हणून मूल देवीला वाहिले गेले. (जट म्हणजे केसांचा गुंता. कात्रीने तो सुटतो आणि देवी कोपत नाही, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी पुष्कळदा दाखवून दिले आहे.) पण काही घरांत कारण वेगळे असे. मुलगा मुलींत रमतो, बायकी चालतो, त्याला साडी नेसावीशी वाटते. तेव्हा देवीनेच त्याला मागितले आहे, असा अर्थ लावला जाई.

या अर्थाने आईबापांची एका प्रश्नातून सुटका होई. आमचं काय चुकलं? काहीच नाही, देवीची इच्छा! शेजारीपाजारी हसायचे थांबत, उलट पाया पडत. किंमत भरायचे ते मूल. त्याची शाळा सुटे, बहुधा घरही सुटे आणि पोट जोगव्यावर येई.

शहरातली शिकलेली घरे देवीऐवजी डॉक्टरांकडे गेली. तिथे बराच काळ ‘हा आजार आहे’ हेच उत्तर मिळे. अमेरिकेतल्या आयर्व्हिंग बीबर या मानसोपचारतज्ज्ञाने १९६२ साली आईबापांनाच पिंजऱ्यात उभे केले: आई वरचढ, बाप अलिप्त, म्हणून मुलगा समलिंगी. या संशोधनातली चूक विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखी आहे. अभ्यासलेली माणसे उपचारासाठी आलेली होती. दवाखान्यात बसून गावाच्या प्रकृतीचा अंदाज बांधण्यासारखेच हे झाले. त्याआधी, १९५७ साली, एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी उपचार घेत नसलेले ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी कल असलेले पुरुष निवडले, त्यांच्या मानसिक चाचण्या घेतल्या आणि नावे झाकून निकाल तज्ज्ञांपुढे ठेवले. कोण कोणत्या गटातला हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही.

पुढे १९७३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेनेही काढली. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झाली, पण स्वतःला मुलगी वाटते (किंवा उलट), ही गोष्ट निराळी. तिचा संबंध प्रेम कोणावर बसते याच्याशी नसून आपण कोण आहोत याच्याशी आहे. तीही २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मानसिक विकारांत मोडत नाही. शिवाय बायकी चालणारा प्रत्येक मुलगा समलिंगी किंवा पारलिंगी असतोच असे नाही. वर्गात शिक्के मारण्याची घाई नको.

मग कारण काय? पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. सुमारे पावणेपाच लाख लोकांचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की समलैंगिकतेचे असे एकच जनुक नाही. पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि जनुकांनी सगळा उलगडाही होत नाही. दुसरा धागा अधिक गमतीचा आहे. ज्या मुलाला थोरले भाऊ आहेत, तो समलिंगी असण्याची शक्यता दर भावागणिक साधारण एक तृतीयांशाने वाढते, असे कॅनडातल्या संशोधकांना आढळले. म्हणजे मूळ प्रमाण शंभरात दोन धरले, तर एका थोरल्या भावाने ते पावणेतीनच्या आसपास जाते. बहुतेक धाकटे भाऊ समलिंगी नसतात, हे यात आलेच. आता हे घरातल्या वातावरणामुळे होते का? २००६ साली अँथनी बोगार्ट यांनी सावत्र व दत्तक भावंडांची तुलना केली. एकाच घरात वाढलेले सावत्र थोरले भाऊ मोजून काही फरक पडेना. एकाच आईच्या पोटी जन्मलेले, पण वेगळ्या घरी वाढलेले भाऊ मात्र फरक दाखवत होते. या आकडेमोडीवर अलीकडे वादही झाले आहेत. पण वाढवण्यात आईबाप चुकले म्हणून मूल असे झाले, याला भक्कम पुरावा कुठेच सापडलेला नाही.

माझ्या मते स्वीकारासाठी कारण सापडेपर्यंत थांबायचे कारण नाही. डावखुरेपणाचे नेमके कारण आजही पुरते ठाऊक नाही. तरी डाव्या हातावर छडी मारणे आपण थांबवलेच ना?

आईबापांच्या हातात मूल ‘असे’ होणे नसते, पण ते सुखरूप राहणे बरेचसे असते. केटलिन रायन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २२४ समलिंगी व उभयकल तरुणांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. ज्यांना पौगंडावस्थेत घरच्यांनी तीव्र नकार दिला होता, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केलेला असण्याची शक्यता, असा नकार न मिळालेल्यांच्या आठपटीहून जास्त होती. एका वेळच्या पाहणीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरे. तरी आठपट हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. आणि नकार म्हणजे घराबाहेर काढणेच नव्हे. मित्रांना भेटू न देणे, लग्नकार्याला न नेणे, ‘नीट मुलासारखा वाग’ म्हणून टोचत राहणे, हेही त्यात धरले होते.

आपल्याकडे २०११ साली १९ पालक कलम ३७७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. नाट्य-चित्रपट क्षेत्रातल्या चित्रा पालेकर त्यांपैकी एक. त्यांची मुलगी समलिंगी आहे. कायद्याची झळ मुलांबरोबर कुटुंबालाही लागते, असे या पालकांचे म्हणणे होते. २०१३ साली निकाल विरुद्ध गेला. ६ सप्टेंबर २०१८ ला तो फिरला, तेव्हा न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिले, की इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांचीही माफी मागायला हवी. मराठीत बिंदुमाधव खिरे यांच्या ‘मनाचिये गुंती’ या पुस्तकात अशा घरांतले अनुभव एकत्र वाचायला मिळतात. शाळेच्या ग्रंथालयात ते असावे.

‘बदलण्याचे उपचार’ करून देतो म्हणणारे अजूनही भेटतात. असे उपचार करणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले. कुणी पालक सल्ला विचारायला आले तर हे स्पष्ट सांगावे. आणि एखाद्या विद्यार्थ्याने विश्वासाने आपल्याला सांगितले, तर त्याला न विचारता घरी कळवू नये. घरी कधी, कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगायचे हे त्याला ठरवू द्यावे. हवे असेल तर आपण बरोबर बसावे.