ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी

पेण-रोहा पट्ट्यात एमएच-०६ च्या एखाद्या जुन्या पेट्रोल गाडीच्या मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की सल्ला ठरलेला असतो. स्कॅनर लावा, ‘ओटू सेन्सर’चा कोड आला की सेन्सर बदला. काही हजार खर्चून नवा बसतो आणि कधीकधी आठवड्याभरात दिवा परत लागतो. मग ‘पार्ट डुप्लिकेट होता’ म्हणून आणखी एक आणला जातो. सेन्सर घरी बदलणं अवघड नाही, बदलायला हवा का हे ठरवणं अवघड आहे. त्यामुळे सगळा वेळ तिथे द्यावा.

हा सेन्सर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय, एवढंच मोजतो. बॉशने बनवलेला हा भाग १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा बसला. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला थोडी कमी. हे प्रमाण बिघडलं की सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला कळवतो आणि ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो.

म्हणून ‘सेन्सरचा कोड म्हणजे सेन्सर गेला’ हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. पी ०१७१ हा कोड सांगतो की मिश्रणात हवा जास्त होतेय. हवा इनटेकच्या चिरलेल्या नळीतून शिरत असेल, पेट्रोल पंपाचा दाब कमी पडत असेल, किंवा मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांत आपटून सायलेन्सरचा पुढचा जोड फुटला असेल. फुटलेल्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर ती इमानदारीने मोजतो. पी ०१३५ हा पुढच्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरमधल्या हीटरच्या सर्किटचा कोड. इथेही आधी फ्यूज बघायचा, मग वायर. भातकापणीनंतर बॉनेटखाली शिरलेल्या उंदरांनी ती कुरतडलेली असू शकते. पेणच्या खारपट्ट्यातल्या दमट, खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, तेही तपासावं. फ्यूज, वायर, कनेक्टर ठीक निघाले तर सेन्सरचा प्लग काढून हीटरच्या दोन तारांवर, बहुतेकदा त्या एकाच रंगाच्या असतात, मल्टीमीटर ओहमवर लावावा. थोडेसे ओहम दाखवले तर हीटर शाबूत. काहीच जोड दाखवला नाही तर तो जळालाय आणि सेन्सर खरंच बदलायचाय.

‘पेट्रोलमध्ये धुतला की चालतो’ हेही खूप ऐकू येतं. वरची काजळी निघेल, पण जळालेला हीटर किंवा कूलंट आणि सिलिकॉनने निकामी झालेलं आतलं सिरॅमिक धुऊन परत येत नाही. जोडाला साधं सिलिकॉन सीलंट थापणं तर सेन्सरचं नुकसानच करतं. कनेक्टरवर ग्रीस किंवा स्प्रे मारणंही टाळावं, कारण बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या वाटेनेच मिळते.

जुना सेन्सर काढल्यावर त्याचं टोक नीट पाहावं. राखाडी-तपकिरी असेल तर ठीक. काळं, काजळलेलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरट खरबरीत थर दिसला तर कूलंट किंवा सिलिकॉनचा संशय घ्यायचा. मूळ दोष काढल्याशिवाय नवा सेन्सर बसवला तर त्याचीही तीच गत होते.

सेन्सर सहसा दोन असतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा मिश्रण सांभाळतो, नंतरचा कन्व्हर्टरवर लक्ष ठेवतो. कोणता गेलाय हे कोड सांगतो, तोच मागवावा. नंबर गाडीच्या मॉडेलप्रमाणे जुळवून, मूळ प्लगसकट घ्यावा. तारा तोडून जोडण्याच्या भानगडीत पडू नये.

काम करताना इंजिन कोमट असावं. गारठलेले आटे जाम असतात आणि तापलेला पाइप हात भाजतो. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये, खाली स्टँड लावावेत. आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबावं. बहुतेक गाड्यांना २२ मिलिमीटरचा, वायर जाण्यासाठी खाच असलेला सॉकेट लागतो. अडला तर जोर न लावता मागे-पुढे करत सोडवावा. आटे गेले तर खर्च सेन्सरपेक्षा मोठा, आणि तिथे घरचं काम थांबवून गॅरेज गाठणंच शहाणपणाचं. नवा सेन्सर हाताने पूर्ण फिरवत बसवावा, मगच पाना लावावा. हातातून पडलेला सेन्सर बसवू नये, आतलं सिरॅमिक तडकलेलं असू शकतं.

‘गाडी चालतेय ना, मग दिवा असू दे’ म्हणत भिसे खिंडीतून रोज ये-जा करणारेही आहेत. पुढचा सेन्सर बंद पडला तरी गाडी चालते, कारण ईसीयू ठरावीक अंदाजाने पेट्रोल सोडत राहतो. ते जास्त झालं तर न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, कन्व्हर्टर अतितापून वितळू शकतो आणि तो सेन्सरच्या कितीतरी पट महाग असतो. पीयूसी पास झालं म्हणजे सेन्सर ठीक असंही नाही. ती चाचणी त्या दोन-चार मिनिटांच्या धुराची असते.

बॅटरीची तार काढून दिवा घालवला तर दोष तसाच राहतो, शिवाय ईसीयूने शिकलेलं समायोजनही पुसलं जातं. नवा सेन्सर बसवल्यावर कोड स्कॅनरनेच पुसावा, गाडी गरम करून काही किलोमीटर चालवावी आणि पुन्हा एकदा स्कॅनर लावून पाहावं.