चिक्कीच्या भट्टीजवळची सुरक्षितता

लोणावळ्याची हवा थंड, पण चिक्कीच्या कारखान्यात भट्टीजवळ उभ्या असलेल्या कामगाराला तिचा फारसा उपयोग नसतो. गूळ-साखरेचा कडक पाक 140 अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे उकळत्या पाण्याहून बराच जास्त तापतो. शिवाय तो त्वचेला चिकटतो, म्हणून भाजल्याची जखम खोलवर जाते.

दुसरा धोका उष्णतेच्या ताणाचा. घाम वाळला तरच शरीर निवते; पावसाळ्यातल्या दमट हवेत तो वाळत नाही. संशोधन सांगते, की उष्ण कामाची सवय व्हायला शरीराला साधारण 7 ते 14 दिवस लागतात. म्हणून नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देऊ नये. दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी आणि थोडी विश्रांती हवीच.

भाजल्यास तो भाग लगेच 20 मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. चिकटलेला पाक ओढून काढू नये. हळद, टूथपेस्ट, बर्फ लावू नये. मग कामगाराला डॉक्टरांकडे न्यावे.

हे ज्ञान कामगारापर्यंत प्रशिक्षणातूनच पोहोचते. मुंबईत शीव येथे केंद्र सरकारची केंद्रीय श्रम संस्था कामाच्या जागेचे आरोग्य आणि सुरक्षितता यांवर संशोधन करते व प्रशिक्षण देते. 1966 साली 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तोच दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

छोट्या कारखानदारांनी त्या दिवसाची वाट पाहू नये. हातमोजे, पायात बंद बूट, हवा खेळती ठेवणारा पंखा आणि कामगारांना त्यांच्या भाषेत तासभर प्रशिक्षण, एवढी सुरुवात आजच करावी.