पारदर्शक पिस्तूल रंगवताना

सुट्टी लागली, की हे हमखास होतं. यात्रेत घेतलेलं ते पारदर्शक प्लॅस्टिकचं, छर्रे उडवणारं पिस्तूल चिरंजीवांना एकाएकी ‘बाळबोध’ वाटू लागतं. “आई, हे काळं करू या ना, अगदी खऱ्यासारखं!” मैत्रिणींनो, रंगवा, जरूर रंगवा, पण काळं किंवा रुपेरी मात्र करू नका.

‘हे खेळणं आहे’ हे दुरून सांगायचं काम तो पारदर्शकपणाच करत असतो. अमेरिकेत १९८८ साली कायदाच झाला, की अशा बंदुकीच्या तोंडाशी भडक नारिंगी खूण हवी, नाहीतर ती अख्खी पारदर्शक किंवा भडक रंगाची हवी. ब्रिटनमध्ये तर २००६ च्या कायद्याने नकली बंदूक खऱ्यासारखी करणं हाच गुन्हा ठरला. उगाच नव्हे. २०१४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात टमीर राइस हा १२ वर्षांचा मुलगा बागेत छर्र्यांचं पिस्तूल घेऊन खेळत होता. त्यावरची नारिंगी खूण निघालेली होती. पोलिसांची गाडी आली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी पोर गेलं. आता तुम्ही म्हणाल, ते तिकडे. पण बाजारात, स्टेशनवर घाबरलेला माणूस खरं-खोटं निरखत बसत नाही हो!

तेव्हा पिवळा, पोपटी, जांभळा असा रंग निवडा आणि टोक तसंच पारदर्शक राहू द्या. आधी सगळे छर्रे काढा. पाण्यात बुडवू नका, आतली स्प्रिंग गंजते. साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून तेलकटपणा घालवा. मग बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. प्लॅस्टिक धुरकट दिसेल, घाबरू नका. त्याशिवाय रंग धरत नाही. टोक, चाप आणि मागेपुढे सरकणारे भाग चिकटपट्टीने झाका, नाहीतर रंग आत जाऊन सगळं अडकून बसतं. आता प्लॅस्टिकवर चालणारा प्रायमर आणि त्यावर स्प्रेचा रंग वीतभर अंतरावरून द्या. एकच जाड थर दिलात तर ओघळ येतात. पातळ दोन-तीन द्या, प्रत्येक वाळू देऊन. हे गच्चीवर, नाकाला रुमाल बांधून करायचं. स्वयंपाकघरात तर मुळीच नको, तो फवारा पेट घेतो.

दारं-खिडक्यांचा उरलेला ऑइलपेंट वापरायचा मोह होईल, पण त्याचे पापुद्रे निघतात. डाग पुसायला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावलात, तर प्लॅस्टिक पांढुरकं पडतं, तडकतंसुद्धा.

गॅदरिंगच्या नाटकाला काळंच हवं असेल, तर जाड पुठ्ठ्याचं कापून रंगवा आणि शाळेत पिशवीतून न्या.

रंग वाळायला पुरता एक दिवस लागतो. तेवढ्यात डोळे बाजूनेही झाकणारा संरक्षक चष्मा आणून ठेवा. छर्रा ६ मिलिमीटरचाच, पण भिंतीवर आपटून उलटाही येतो. चष्मा खेळणाऱ्याला हवा, तसा बघणाऱ्या धाकटीलाही.