गुळगुळीत जमीन आणि घरचा कुत्रा

आमच्या एका स्नेह्यांनी जुन्या घराच्या माडीवरच्या सागवानी फळ्या तासून घेतल्या आणि त्यांवर आरशासारखे पॉलिश चढविले. महिनाभरात त्यांचा बारा वर्षांचा कुत्रा दिवाणखान्यात येईनासा झाला. उंबऱ्याशी बसायचा, हाक मारली की शेपटी हलवायचा. पण पाऊल पुढे टाकायचा नाही. "म्हातारा हट्टी झालाय," असे घरची मंडळी म्हणू लागली. हट्ट कसला? बिचाऱ्याला भीती वाटत होती.

असे का व्हावे, ते पाहू. कुत्रा आपल्यासारखा टाच टेकून चालत नाही. तो बोटांवर चालतो. बोटांखालच्या गाद्यांनी तो जमीन धरतो. मांजरासारखी नखे आत ओढून घेणे त्याला जमत नाही. मातीत ही नखे रुततात, पॉलिशवर नुसती घसरतात. त्यातून ती वाढलेली असली की गादीच्या आधी नखच टेकते आणि पकड सुटते. तरुण कुत्रा सावरून घेतो. सांधे दुखणारा म्हातारा एकदा पडला की ती जागाच टाकतो.

आता फळ्यांची बाजू ऐका. लाकडाचा कठीणपणा मोजण्याची एक रीत गॅब्रिएल यांका यांनी १९०६ साली सुचविली. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती जोर लागतो, ते पाहायचे. सागाला तो सुमारे ५०० किलो लागतो. तेव्हा ओरखडे पडतात ते बहुधा वरच्या पॉलिशवर, आणि त्यात नखांइतकाच पायांबरोबर आलेल्या वाळूचाही हात असतो. खरी भीती लघवीची. ती फळ्यांच्या फटींत मुरली की काळा डाग पडतो. म्हणून लगेच टिपून घ्यावे. अमोनिया असलेले औषध मात्र वापरू नये. त्या वासाने कुत्रा पुन्हा तिथेच जाण्याचा संभव असतो.

उपाय साधेच आहेत. दाराशी पायपुसणे ठेवा. नखे थोडी थोडी कापा. आत रक्तवाहिनी असते, हे विसरू नका. गाद्यांमधले केस कातरा. सतरंजी नुसती अंथराल तर तीच घसरेल. खाली रबर हवे. एवढे करूनही कुत्रा लंगडत असेल, तर पशुवैद्यांना दाखवा.

स्नेह्यांनी उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत रबरी पाठीची एक पट्टी अंथरली. तिसऱ्या दिवशी म्हातारबुवा तिच्यावरून हळूहळू चालत आले आणि मालकांच्या पायाशी बसले. पॉलिश थोडे झाकले गेले खरे. पण घर कुणासाठी असते, हा प्रश्न तेवढ्यापुरता सुटला.