नौकोत्सव पाहायचा, तर नेमका दिवस कोणता?

रामाकोना हे मध्य प्रदेशातील सौंसर तालुक्यातले, कन्हान नदीकाठचे मराठीभाषक गाव. तेथील आमचे एक मामा काही वर्षांपूर्वी साखळीजवळच्या विठ्ठलापूरचा नौकोत्सव पाहण्यासाठी एवढा लांबचा प्रवास करून गोव्यात आले. वाळवंटीच्या काठावर पोहोचले, तेव्हा तेथे विझलेल्या पणत्या आणि फटाक्यांचे कागद तेवढे उरले होते. त्यांच्या दिनदर्शिकेत त्या दिवशी ‘कार्तिक पौर्णिमा’ असेच छापलेले होते आणि ते चूकही नव्हते. उत्सव मात्र आदल्या रात्रीच पार पडला होता.

हा घोटाळा समजून घेण्यासाठी तिथी कशी मोजली जाते, ते पाहावे लागते. तिथी सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालत नाही. ती दिवसा किंवा रात्री केव्हाही सुरू होते आणि तिची लांबीही कमीअधिक असते. स्नानदानासारख्या विधींसाठी सूर्योदयाच्या वेळी असलेली तिथी धरतात. त्रिपुरारी पौर्णिमा हा मात्र दीपोत्सव आहे. त्यासाठी प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या वेळेत, पौर्णिमा असावी लागते. 2023 मध्ये पौर्णिमा 26 नोव्हेंबरला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि 27 तारखेला दुपारी पावणेतीनच्या सुमारास संपली. स्नानाची कार्तिक पौर्णिमा 27 ची, तर त्रिपुर लावण्याची सायंकाळ 26 ची. पंचांगातील ‘त्रिपुरारी’ हा शब्द न वाचता केवळ ‘पौर्णिमा’ वाचणाऱ्याची फसगत होते ती अशी.

याच्या उलट गोंधळही संभवतो. 2026 मध्ये पौर्णिमा 23 नोव्हेंबरला मध्यरात्रीच्या सुमारास लागते आणि 24 रोजी, मंगळवारी, रात्री साडेआठच्या आतच संपते. नौका पाण्यात सोडण्याचा सोहळा रात्री बराच उशिरापर्यंत चालतो. रात्री नऊ वाजता मोबाइलवरील पंचांगात ‘प्रतिपदा’ वाचून कोणी माघारी वळू नये, किंवा मध्यरात्री पौर्णिमा लागते म्हणून 23 लाच जागरण करू नये. सूर्यास्ताला पौर्णिमा आहे ती 24 ची, म्हणून उत्सवाची रात्रही तीच.

रविवार पाहून बेत आखण्याची सवय येथे उपयोगाची नाही. एखाद्या व्यापारी नौकाप्रदर्शनाला तीन-चार दिवसांतून गर्दी कमी असलेला दिवस निवडता येतो; विठ्ठलापूरला निवड करायची ती वेळेची. कारागिरांनी पुठ्ठा, कागद, थर्माकोल यांतून घडविलेल्या, दिव्यांनी सजविलेल्या नौका एकदा पाण्यात गेल्या की दुरूनच दिसतात. त्यांची डोलकाठी, कठडे, खिडक्या जवळून न्याहाळायच्या, तर नौका काठावर असतानाच जावे. माझ्या मते उत्सवाचा अर्धा आनंद त्या कारागिरीत आहे. त्रिपुरासुरवधाचा प्रसंग, आतषबाजी आणि काळ्या पाण्यावर सरकणारे दिवे हे सारे त्यानंतरचे. नोव्हेंबरात नदीकाठी दव पडते. मुलांना गरम कपडे घालावेत आणि दुसऱ्या दिवशीच्या शाळेचा विचार आधीच करून ठेवावा.

कुंभारजुवेच्या सांगोडाचे गणित यापेक्षा सोपे. दोन होड्या एकत्र बांधून केलेल्या तराफ्यांवर देखावे उभारतात आणि ते गणेश चतुर्थीपासून सातव्या दिवशी पाण्यावरून फिरतात. मात्र चतुर्थीचा दिवस पहिला धरावा. दुसऱ्या दिवसापासून मोजणारा एक दिवस उशिरा पोहोचतो. 2026 मध्ये चतुर्थी 14 सप्टेंबरला, म्हणजे सातवा दिवस 20 सप्टेंबरचा. यंदा तो रविवारी येत असल्याने काठावर दाटी होणार, हे गृहीत धरून दुपारीच जागा गाठलेली बरी.

मामांना या मोजणीचे नवल वाटायला नको होते. त्यांच्या भागातील पांढुर्ण्याची गोटमार जाम नदीवर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होते, आणि तेथे कोणी इंग्रजी तारीख विचारीत नाही. पोळा कधी, एवढेच विचारतात. विठ्ठलापूरला येताना त्यांनी नेमके तेच विचारायचे राहिले होते: त्रिपुर कधी लावणार? आता ते दिवाळीतच फोन करून विचारून घेतात.